तबकडीच्या मागे मागे

(मंडळाच्या श्रावणातील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला "अमेरिकेतील अनुभव" असा भारदस्त विषय दिला होता. मी त्यांना म्हटले, अहो, सहा महिने लेकीकडे राहून आलेली बाई अमेरिकेवर काय बोलणार? नायगारा पाहून आलेल्या आपल्याच मंडळात सात-आठ जणी बसल्या आहेत. न्यूयॉर्कच्या इमारती कोणी पाहिल्या नाहीत, निदान फोटोत, असे घर आता आपल्या आळीत उरले नाही. मी यांतले काहीच धड पाहिले नाही. मी जे पाहिले ते हातात काठी घेऊन, पायात लेकीचे जुने बूट घालून, नातवाच्या तबकडीमागे रान तुडवताना पाहिले. तेव्हा त्या रानात भेटलेल्या जनावरांची हकीकत सांगेन, चालत असेल तर पाहा. "चालेल" म्हणाल्या. म्हणून उभी आहे. मात्र या हकीकतीत एक गोष्ट अशी येणार आहे की जी मी एकसष्ट वर्षे कोणाला सांगितली नव्हती. ती मध्येच केव्हातरी येईल.

माझी लेक नॉर्थ कॅरोलायना या राज्यात शार्लट नावाच्या शहरी राहते. २०२३ च्या मार्चअखेर मी गेले आणि सप्टेंबरअखेर परत आले. लेक आणि जावई दोघेही सकाळी कामाला जाणार. जूनपासून नातवाच्या शाळेला सुट्टी. तो तेरा वर्षांचा, म्हणजे लहानही नाही आणि मोठाही नाही. त्याला एकाच गोष्टीचे वेड, डिस्क गोल्फ. घरामागे दहा मिनिटांवर सार्वजनिक बाग होती. बाग म्हणजे आपल्याकडच्यासारखी झोपाळे आणि कारंजे असलेली नव्हे. ओक आणि पाइन यांची दाट झाडी, मध्ये ओढा, एक तळे, आणि त्यातून काढलेल्या मोकळ्या वाटा. तिथे त्याला एकट्याने जायला लेकीची परवानगी नव्हती. "आजी बरोबर असेल तर जा," असे ठरले. अशी मी त्या खेळाला लागले. खेळायला नव्हे, राखणीला.

खेळ कोणता ते आधी सांगते, नाहीतर पुढचे काहीच कळायचे नाही. समुद्रावर मुले फ्रिसबी नावाची प्लॅस्टिकची तबकडी फेकतात ना, तिचीच ही लहान, जड आणि पातळ कडेची बहीण. वजन साधारण पावणेदोनशे ग्रॅम, रुंदी आपल्या नाश्त्याच्या ताटलीएवढी. चेंडूच्या गोल्फमध्ये जमिनीत भोक असते. इथे लोखंडी खांबावर एक टोपली आणि तिच्यावर साखळ्यांचा झुपका. तबकडी साखळ्यांवर आदळली की खळ्ळकन आवाज होतो आणि ती टोपलीत पडते. अशा नऊ किंवा अठरा टोपल्या. जो कमीत कमी फेकींत सगळ्या पुऱ्या करील तो जिंकला. बहुतेक मैदाने सार्वजनिक बागांतून असतात आणि पुष्कळ ठिकाणी पैसाही पडत नाही. हे मला फार आवडले. गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठमोठ्या साहेबांचा क्लब येतो. इथे मला शाळकरी मुले दिसली, ट्रक चालवणारे दिसले, पोटाशी तान्हे बांधून खेळणारी एक बाई दिसली.

एड हेड्रिक नावाच्या गृहस्थांनी १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह येथे या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले. साखळ्यांची टोपली हीही त्यांचीच युक्ती. २००२ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तबकड्या करण्यात आल्या. जावयांनी हे जेवताना सांगितले तेव्हा माझ्या शेजारी खुर्चीवर नातवाची तबकडी होती. मी ती हळूच उचलून दाराबाहेर ठेवून आले. (हंशा)

असो. आता जनावरे.

पहिल्या दिवशी भेटले ते हंस. कॅनडा गूज म्हणतात त्यांना. मान काळी, गालावर पांढरा पट्टा, अंगाने आपल्या बदकाच्या दुप्पट-तिप्पट. दुरून मोठे देखणे दिसतात. चौथ्या टोपलीजवळ तळ्याच्या काठी त्यांचा तळ असे. नातवाची तबकडी नेमकी त्यांच्या पंगतीत जाऊन पडली. पिल्ले बरोबर होती. त्यातल्या एका दादल्याने मान जमिनीसरसी लांब केली आणि तोंडाने असा काही फुत्कार सोडला की मला वाटले साप. मग पंख पसरून तो माझ्याच अंगावर आला. मी छत्री उघडली. त्याला छत्री काय हे ठाऊक नसावे, तो थांबला. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत मागे मागे सरलो. नातू लांबून हसत होता. त्यांच्यापुढे पळायचे नाही, तोंड त्यांच्याकडेच ठेवून हळूहळू मागे यायचे, हे त्याने मला नंतर शिकवले. आधी शिकवले असते तर बरे झाले असते. आणि हंसांविषयी आपल्या मनात जे काही काव्य आहे ते त्या तळ्याकाठच्या गवतावरून एकदा चालून आले की पुष्कळसे उतरते. बूट रोज धुवावे लागत.

हरणे मात्र खरोखरच मन निववीत. पांढऱ्या शेपटीची. सकाळी सातच्या सुमारास ऊन चढायच्या आत आम्ही निघायचो, तेव्हा दोन-तीन तरी दिसायचीच. तबकडी डोक्यावरून गेली तरी नुसते कान हलवीत. जूनमध्ये एकदा सातव्या टोपलीपाशी उंच गवतात नातवाला एक पाडस दिसले. अंगावर पांढरे ठिपके, पाय पोटाशी घेतलेले, डोळे उघडे, आणि हालचाल म्हणून नाही. आई कुठे दिसेना. माझा जीव कळवळला. मी म्हटले, "अरे, याची आई मेली असेल. घरी नेऊन दूध पाजू या." नातू म्हणाला, "आजी, हात लावू नकोस. त्याची आई त्याला मुद्दाम इथे ठेवून चरायला गेली आहे." तिथे हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. लहान पाडसाच्या अंगाला वास जवळजवळ नसतो, म्हणून आई जवळ नसली की ते उलट सुरक्षित राहते. ती दिवसातून काही वेळा येते, पाजते, आणि पुन्हा दूर जाते. दयाळू माणसे अशी पाडसे उचलून नेतात आणि धडधाकट पोर पोरके करतात. आम्ही ती टोपली न खेळता पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी गवत नुसते दबलेले होते. मला त्या रात्री झोप लागली नव्हती हे मी नातवाला सांगितले नाही. दिवसभर कामावर जाणाऱ्या माझ्या लेकीविषयी मी मनात पूर्वी काय काय म्हटले होते तेही मला त्या रात्री आठवले.

गवतातून चालायचे म्हणजे गोचिडी आल्याच. घरी आल्यावर गुडघ्यामागे, कानामागे, केसांत पाहायचे हा रोजचा नियम. लेक मला दिव्याखाली बसवून तपासायची, जशी मी तिला उवांसाठी तपासत असे. गोचीड चिकटलेली आढळली तर बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची. तेल, काडी, चुना असले प्रयोग करायचे नाहीत. त्यांच्याकडे एका जातीची गोचीड आहे, तिच्या पाठीवर एक पांढरा ठिपका असतो. ती चावल्याने काही लोकांना पुढे मटण, गोमांस, डुकराचे मांस असल्या पदार्थांची ॲलर्जी होते. खाल्ल्यावर काही तासांनी अंगावर गांधी उठतात, कधी जिवावरही बेतते. हे ऐकल्यावर आमचे जावई गवतात पाऊल टाकताना पायमोजे विजारीवर ओढून घेऊ लागले. इतर कोणत्याही कारणाने त्यांनी ही काळजी घेतली नसती.

शार्लट शहरातच हॉर्नेट्स नेस्ट नावाची एक बाग आहे. तिथेही हे मैदान आहे. हॉर्नेट्स नेस्ट म्हणजे गांधीलमाश्यांचे पोळे. बागेला असले नाव कोण देतो म्हणून मी पुसले, तर इतिहास निघाला. १७८० साली अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस या गावात आला. गावकऱ्यांनी त्याला इतके सतावले की त्याने गावाला गांधीलमाश्यांचे पोळे म्हटले, असे तिथे सांगतात आणि अजून मिरवतात. हाच कॉर्नवॉलिस १७८६ साली आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. शाळेत पाठ केलेला माणूस असा रानात भेटेल असे वाटले नव्हते. खऱ्या गांधीलमाश्याही आम्हांला भेटल्या, पण आमच्याच बागेत. तिकडे पिवळ्या पट्ट्यांची एक जात जमिनीतल्या बिळात पोळे करते. जावई एका रविवारी आमच्याबरोबर आले होते. त्यांची तबकडी नेमकी त्या बिळाच्या तोंडाशी पडली आणि ते नियमाप्रमाणे तिच्या मागे पाय रोवून उभे राहिले. तीन ठिकाणी चावल्या. त्यावर नातवाने त्यांना नियमांचे पुस्तक काढून दाखवले. त्रासदायक किडा किंवा जनावर आडवे आले तर दंड न घेता टोपलीपासून सरळ रेषेत मागे सरून खेळावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. जावई म्हणाले, "हे तू आधी सांगायचे नाहीस का?" हा त्या मुलाचा स्वभावच आहे.

आता सापाची गोष्ट. इथे मात्र मी थोडी मिजास करणार. माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यात गेले. फुरशांच्या मुलखातली मी. पाचोळ्यात हात घालायच्या आधी काठी घालायची, हे आम्हांला अक्षरांच्या आधी शिकवलेले. त्या रानात कॉपरहेड नावाचा विषारी साप सर्रास आढळतो. रंग तांबूस, अंगावर गडद पट्टे, आणि ओकच्या वाळल्या पानांत असा मिसळून जातो की पान कुठे संपले आणि साप कुठे सुरू झाला ते कळत नाही. माणूस जवळ आला तरी तो पळत नाही, आहे तिथे निश्चल पडून राहतो. तोच त्याचा बचाव आणि तोच आपला धोका. जुलैमध्ये नातवाची तबकडी एका पडलेल्या ओंडक्याजवळ पानांत अर्धी रुतली होती. तो धावत गेला आणि वाकला. मी ओरडले, "थांब!" का ओरडले ते मला तेव्हा सांगता आले नसते. पानांची नक्षी एका जागी जरा जास्त व्यवस्थित दिसली, इतकेच. काठीने लांबूनच जरा पाचोळा सरकवला तेव्हा तबकडीपासून वीतभर अंतरावर तो वेटोळे घालून बसलेला दिसला.

माझा हात आपोआप काठीवर घट्ट झाला. आमच्याकडे फुरसे दिसले की पुढे काय करतात ते तुम्हांला माहीत आहे. नातवाने माझा हात धरला. म्हणाला, "आजी, मारायचे नाही. तो इथलाच आहे, आपण बाहेरून आलो." आम्ही तबकडी तिथेच ठेवली, दुसऱ्या तबकडीने खेळ पुरा केला आणि परत येताना पाहिले तर साप गेला होता. कॉपरहेड चावल्याने माणूस दगावणे अगदी विरळा, पण वेदना आणि सूज फार, आणि इस्पितळ चुकत नाही. त्या दिवसापासून नातू पाचोळ्यात आधी काठी घालू लागला. आणि मी काठी नुसती घालायला शिकले, हाणायला नाही. माझे शिकणे जास्त अवघड होते, वय पाहता.

पाण्यात पडलेल्या तबकडीविषयीही एक सांगते. तळ्यात गेलेली तबकडी काढायला मुले उतरू पाहतात. आमच्या तळ्यात चावरी कासवे होती, दगडासारखी दिसणारी. पण दक्षिणेला फ्लोरिडात तळ्यांतून सुसरींचे भाऊबंद, म्हणजे ॲलिगेटर, राहतात. तिथे लार्गो नावाच्या गावी मे २०२२ मध्ये डिस्क गोल्फच्या मैदानालगतच्या तळ्यात तबकड्या शोधायला उतरलेला एक मनुष्य ॲलिगेटरच्या हल्ल्यात मेला. पाण्यात हरवलेल्या तबकड्या काढून विकणारे लोक असतात. चार पैशांची गोष्ट. हे वाचल्यापासून आमच्याकडे पाण्यात पडलेली तबकडी पाण्याची झाली असे मी ठरवून टाकले.

कुत्र्यांकडे मी मुद्दाम उशिरा वळते आहे. मला कुत्र्यांची भीती वाटते हे तुमच्यातल्या पुष्कळ जणींना ठाऊक आहे. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मी लांबच्या रस्त्याने जाते म्हणून तुम्ही हसता. तिकडे तर प्रत्येक घरी कुत्रा आणि प्रत्येक कुत्रा मैदानावर. त्यांना साखळीला बांधून आणायचा नियम आहे आणि बहुतेक लोक तो पाळतात. शेजारी एक वृद्ध बाई राहायच्या, माझ्याच वयाच्या, एकट्या. त्यांचा बिस्किट नावाचा सोनेरी कुत्रा. बाईंनी पहिल्याच दिवशी माझा चेहरा ओळखला आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन त्याला बसवले. रोज तसेच. मी गेल्यावर मग ती दोघे उठत. महिनाभराने मीच त्यांना हाक मारली. त्यांच्याकडून मला कळले की तबकडी आणि कुत्रा यांचे नाते जुने आहे. ५ ऑगस्ट १९७४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये बेसबॉलचा मोठा सामना चालला असताना एक कॉलेजचा मुलगा आपला कुत्रा घेऊन कुंपणावरून मैदानात उतरला आणि तबकड्या फेकू लागला. ॲशली व्हिपेट त्या कुत्र्याचे नाव. तो उंच उड्या मारून त्या हवेतल्या हवेत झेलू लागला. सामना थांबला, सारा देश टेलिव्हिजनवर पाहत राहिला. मुलाला पोलिसांनी धरून नेले, पण पुढे कुत्र्यांच्या तबकडी झेलण्याच्या स्पर्धाच सुरू झाल्या.

बिस्किट काही ॲशली नव्हता. तो पडलेली तबकडी उचलायचा, थोडी चघळायचा आणि आपल्या बाईंच्या पायाशी नेऊन ठेवायचा. एकदा सामन्यात त्याने नातवाची तबकडी टोपलीच्या अगदी जवळून पळवली. प्रतिस्पर्धी पोराने मोठा वाद घातला. नियम असा की थांबलेली तबकडी कोणी हलवली तर ती होती तिथे परत ठेवायची. पण होती कुठे? साक्षीदार मी. मी माझी छत्री टेकवून जागा दाखवली आणि दोन्ही पक्षांनी ती मानली. भारतात मला इतका मान कुणी दिलेला नाही.

आता ती गोष्ट.

१९६२ साल. मी दहा वर्षांची. आमच्या शेजारच्या घरातला एक मुलगा, माझ्याच वर्गातला, आम्ही दोघे आंब्याच्या बागेत कैऱ्या पाडायला गेलो. बाग दुसऱ्याची. तिथे एक कुत्र्याचे पिल्लू होते. त्याने त्याला उचलले आणि ते पिल्लू त्याच्या मनगटाला चावले. फारसे नाही, दोन दातांच्या खुणा. त्याने ओढ्यात हात बुचकळला आणि मला म्हणाला, "घरी सांगू नकोस हं. कैऱ्यांचे कळेल." मी आईची शपथ घेतली. शपथ मी पाळली. खूण बरी झाली. दीड-दोन महिन्यांनी, श्रावणात, त्याला ताप आला आणि पाणी घशाखाली उतरेना. पाण्याचा पेला पाहिला की त्याचे अंग थरथरे. घरच्यांनी आधी बाहेरचे काही असेल म्हणून उपाय केले. डॉक्टरांनी पाहिले तेव्हा त्यांनी कुत्रा चावला होता का असे विचारले. कोणाला माहीत नव्हते. मी दाराच्या आड उभी होते. तेव्हाही मी बोलले नाही. बोलून तेव्हा उपयोग नव्हता हे मला आता कळते, पण मी त्यासाठी गप्प बसले नव्हते. मी भीतीने गप्प बसले. तो तिसऱ्या दिवशी गेला. त्याच्या आईला मी पुढे तीस वर्षे भेटत होते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बाराव्या टोपलीजवळ नातवाची तबकडी घरंगळत वाटेखालच्या सिमेंटच्या मोरीत गेली. तो पालथा पडला आणि त्याने हात आत घातला. काठी माझ्याकडे होती, मी दहा पावले मागे होते. आतून काही फिस्कारले आणि तो ओरडला. मोरीच्या दुसऱ्या तोंडातून एक करड्या रंगाचे मांजराचे पिल्लू बाहेर पडले आणि झाडीत दिसेनासे झाले. अंगठ्याला दात लागले होते. रक्ताचे दोन थेंब. नातू म्हणाला, "काही नाही आजी." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "आईला सांगू नकोस हं. शनिवारी मॅच आहे. ती जाऊ द्यायची नाही."

भगिनींनो, तेच शब्द. मी तिथेच मोरीच्या कठड्यावर बसले.

मग उठले. बागेतल्या नळावर नेऊन, तिथला साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटे त्याचा अंगठा वाहत्या पाण्याखाली धरला. तो रडकुंडीला आला. घरी आल्याबरोबर लेकीला कामावर फोन केला. तो माझ्याकडे बघत होता, जसे कोणी दगाबाजाकडे बघते. लेक आली, आम्ही मोठ्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फार समजावून सांगितले. अमेरिकेत कुत्र्यांकडून कुत्र्यांत पसरणारा रेबीज २००७ सालीच संपल्याचे जाहीर झाले. पण रान सुटलेले नाही. त्या राज्यात तो मुख्यतः रॅकून नावाच्या प्राण्यात आहे, शिवाय वटवाघुळे, कोल्हे यांच्यात. रानातून तो मोकाट मांजरांना होतो. पाळीव जनावरांत तिथे सर्वांत जास्त रेबीज सापडतो तो मांजरात. पाळलेले मांजर असते तर दहा दिवस नजरेखाली ठेवून पाहता आले असते. हे तर पळून गेलेले. तेव्हा वाट पाहायची नाही. अंगठ्याच्या जखमेभोवती तयार प्रतिद्रव्याचे इंजेक्शन दिले. ते फार दुखते. आणि दंडावर लस, त्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी. बिल पाहून जावई पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. विमा होता म्हणून निभावले.

आपल्याकडे ही लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यायची ती जुनी लस कधीच बंद झाली. आता दंडावर थोडक्यात होते. तरी जगात रेबीजने जे मरतात त्यांतले सुमारे एक तृतीयांश आपल्या देशात मरतात, आणि त्यांत मुले फार. मुले सांगत नाहीत. आपल्या घरी गॅलरीत येणारे मांजर, जिन्याखाली व्यायलेली कुत्री, तिची पिल्ले उचलून खेळणारी आपली नातवंडे, हे सगळे मला परत आल्यापासून वेगळेच दिसते. मंडळाच्या बालवर्गाच्या बाईंना मी विनंती केली आहे की मुलांना महिन्यातून एकदा नुसते विचारावे, कुणाला काही चावले का, ओरबाडले का, आम्ही रागावणार नाही. त्यांनी मान्य केले आहे. जखम आधी साबणाने धुवायची, हळद किंवा मिरची भरायची नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना, एवढे त्या आयांनाही सांगणार आहेत.

ते पिल्लू आजारी होते की नुसते भ्यालेले, हे आम्हांला कधीच कळले नाही. शनिवारची मॅच गेली. लेकीने महिनाभर बागेत जाणे बंद केले, ते माझ्या मते जरा जास्तच झाले, पण तिच्यापुढे मी बोलले नाही. नातू माझ्याशी तीन आठवडे कामापुरते बोलत होता. "आजी, मीठ दे." "आजी, फोन आहे." मी त्याला त्या दुसऱ्या मुलाची गोष्ट सांगावी की न सांगावी हे ठरवू शकत नव्हते. तेरा वर्षांच्या मुलावर आपले ओझे कशाला टाकायचे? शेवटी एके संध्याकाळी शेजारच्या बाई आणि बिस्किट आले होते, पायरीवर आम्ही चौघे बसलो होतो, तेव्हा सांगितली. मराठीत सांगितली. बाईंना कळले नाही, पण त्या उठून गेल्या नाहीत. नातू बराच वेळ बिस्किटच्या कानामागे खाजवत राहिला. मग त्याने विचारले, "त्याचे नाव काय होते?" मी नाव सांगितले. इतक्या वर्षांत ते मी मोठ्याने उच्चारले नव्हते. इथे मात्र सांगत नाही, त्याची भावंडे आहेत, ती मला प्रथम भेटायला हवीत. पुढच्या महिन्यात मी रत्नागिरीला जाणार आहे.

निघायच्या आदल्या दिवशी बागेतली बंदी उठली होती. आम्ही अठराही टोपल्या फिरलो. शेवटच्या टोपलीला त्याने मला फेकायला लावले. चार हातांवरून मी नऊ फेकी घेतल्या, त्यांतली एक हंसांच्या बाजूला गेली. ती तबकडी त्याने मला दिली आहे. निळी, कडेवर बिस्किटच्या दातांच्या खुणा असलेली. इकडे तिचा काही उपयोग नाही, म्हणून विरजणाच्या पातेल्यावर झाकण ठेवते. नेमकी बसते. ज्यांना पाहायची असेल त्यांनी घरी यावे.

चिटणीसबाई मघापासून घड्याळ दाखवीत आहेत आणि भजनाच्या बायका पेटी घेऊन बसल्या आहेत. मी आता बसते.